काटा

डलुथच्या वर, टेकडीवरच्या त्या कॉलेजात
पाहुण्यांना जिकडे नेत नाहीत
त्या मागच्या अंगाला उभी राहिली
दुरुस्तीवाल्यांची नवी इमारत.
दक्षिणेला काचा. उत्तरेला जाड भिंत.
छपरावरचं बर्फ वितळून टाकीत उतरतं,
त्याच पाण्यानं धुवायचं
बर्फ लोटणाऱ्या गाड्यांचं मीठ.

जुन्या जिमची मेपलची जमीन
फेकली नाही, तिची टेबलं केली.
म्हणून शेगड्याजवळून अजून जाते
बास्केटबॉलची निळी रेघ
आणि कडेला येऊन
एकदम संपते.

नकाशा काढणाऱ्या बाईंनी आधी विचारलं होतं,
तुम्हाला काय हवं?
कुणी म्हणालं प्लग, कुणी म्हणालं मोठा दरवाजा.
रेइनो लाम्पी, एकतीस वर्षं तळघरात बॉयलरपाशी,
म्हणाला, बूट वाळवतो तिथं एक खिडकी.

मिळाली.

बॉयलर मात्र नाही.
खोल विहिरींतून ऊब वर येते
चोरपावलांनी.

उणे वीसची पहिली पहाट.
तो आला, नेहमीसारखा चारला,
भिंतीला कान लावून उभा राहिला,
आजारी माणसाच्या छातीला लावावा तसा.
धडधड नाही, फुसफुस नाही.
गाल तेवढा कोमट झाला.

मग डब्याच्या पिशवीतून काढलं
जुन्या बॉयलरचं दाब दाखवणारं पितळी घड्याळ,
खिडकीशेजारी ठोकलं.

"बंद पडलंय," नवा पोरगा तौ वांग म्हणाला,
"शून्यावर आहे काटा."
"बरोबर दाखवतोय," रेइनो म्हणाला
आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसला.

खिडकीत उजाडायला
अजून तीन तास होते.