दोन ग्रॅम

अराराक्वाराला रात्री संत्र्यांचा वास येतो.
कारखान्यात साली शिजतात आणि वारा
दंतविद्यालयाचे तीन मजले चढून
इनक्यूबेटरच्या दारापाशी थांबतो.
आत सदतीस अंश. आत वास नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आली ती उपदाढ,
चौदा वर्षांच्या कुणा मुलाची,
तारा लावण्याआधी जागा हवी म्हणून काढलेली.
कीड नाही, काही नाही, धडधाकट.
जुरेमाने मुळाच्या मधल्या भागावरून
पात्याने खरवडला एक ओलसर पापुद्रा,
पाव मिलिमीटरसुद्धा नसेल.

आपल्याला वाटतं दात हाडात ठोकलाय, खुंटीसारखा.
तसं नसतं.
तो टांगलेला असतो,
त्या एवढ्याशा फटीत, हजारो दोऱ्यांवर,
झोळीत पोर झुलावं तसा;
घासागणिक किंचित खाली,
किंचित वर.
आणि दोऱ्यांमधून राहतात या पेशी,
ज्यांना जन्मापासून एकच भाषा येते :
ओढ, आणि दाब.

आता त्या बशीत आहेत.
जबडा नाही, जीभ नाही, भूकही नाही.
बशीचा तळ रबरासारखा,
खालून पंप तो ताणतो, सोडतो,
मिनिटाला सहा वेळा, रात्रभर.
तोंडच नसलेलं कुणीतरी
सावकाश चावत बसलंय.
सकाळी भिंगाखाली पाहावं तर
सगळ्या कुशीवर वळलेल्या,
ओढीला आडव्या,
रस्ता अडवून बसलेल्या माणसांसारख्या.

दुसऱ्या बशीवर काच ठेवायची,
काचेवर वजन, चौरस सेंटिमीटरला दोन ग्रॅम.
वजनांसाठी अर्ज केला होता. दोनदा.
दाताच्या कण्या करून झाल्या.
शेवटी तिने बापाची गळाची पेटी उघडली,
तळाशी शिशाच्या गोळ्या,
मोजी-ग्वासू नदीचा गाळ अजून वळात.
धुतल्या, उकळल्या, काट्यावर तोलल्या.
ज्या गोळ्यांनी गळ खोल जायचा
त्या आता एका पोराच्या पेशींवर बसल्यात.

दाबलेली पेशी ओरडत नाही.
ती सांगावा धाडते
हाड खाणाऱ्यांना : या, इथून पोखरा.
पलीकडे ताणलेली म्हणते : चुना आणा, बांधा.
इकडे पाडकाम, तिकडे बांधकाम,
आणि दात मधून सरकतो,
महिन्याला मिलिमीटरभर, बिऱ्हाडासकट.
तारेला वाटतं आपण हलवला.

घरी आई, दोना झोराइदी, जागीच असते.
पेल्यात कवळी.
एकोणिसाव्या वर्षी, लग्नाच्या आठवडाभर आधी
तिच्या बापाने सगळे दात एका दुपारी काढून आणले होते.
पुढे जावयाला खर्च नको.
आहेरच होता तो, त्या काळी, त्या गावात;
सासरी कौतुक झालं म्हणे.
आता खालचा जबडा पेन्सिलीएवढा.
कवळी नुसती दाबते,
ओढत कुणीच नाही,
तेव्हा हाडाने काय समजायचं?
त्याने चंबूगबाळं आवरलं, हळूहळू, बावन्न वर्षं.

"आज काय केलंस?"
जुरेमा सांगते : बाबांच्या गोळ्या वापरल्या.
आई हसते, ओठ आत जातात.
मग संत्र्याची फोड हिरडीत धरून
बराच वेळ चोखते, चोथा हातात घेते.

"त्या पोराला सांगितलंत का,
त्याचा दात अजून चावतोय म्हणून?"

पोराचं नाव जुरेमाला माहीत नाही.
बशीवर सतरा लिहिलंय.