तारेखालची झुडपं

एकतीस वर्षं मी तारेखालचं कापत आलो.
कोयता, लांब बांबू, कमरेला दोर.
घाटंजी फीडरवरचा एकेक कडुनिंब, एकेक चिंच
मला चालीवरून ओळखत असावी.
लोक खालून शिव्या द्यायचे,
मी वर चढलेलाच असायचो.

रिटायर झालो तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना मुरूम
आणि डोक्यावर अकरा हजाराची लाइन.
विमल म्हणाली, लावा आता काय लावायचं ते,
पण वर जाणारं नको.
पुन्हा शिडी काढाल.

नर्सरीतून सात क्रोटन आणले.
मे महिन्यात त्यांचे रंगीत कागद झाले.
मग टेकडीवरून करवंदीची रोपं उपटून आणली,
मुळासकट, असं मला वाटलं.
मूळ तिकडेच राहिलं होतं, खडकात.

जंगूबाई टेकाम रस्त्यात थांबून हसली.
"लाइनमन, तुले नुसतं उपटनंच येते बाप्पा."
दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर पदर झटकला:
बोराच्या आठोळ्या, स्वच्छ, गारगोटीसारख्या.
बकऱ्या दिवसा बोरं खातात,
रात्री रवंथ करता करता आठोळ्या थुंकतात.
"त्याइनं सोलून देल्ल्या. तू टाक मातीत."
करवंदाचं म्हणे वेगळं. खाल्लं त्याच दिवशी पेरायचं,
त्याच्या बीला दम नाही.
विमलनं पाटीभर करवंदं घेतली, मीठ लावून,
आणि मी पहारीनं खड्डे करत होतो
तर ती मागून येऊन
प्रत्येक खड्ड्यात
थुंकत होती.

दोन वर्षं बघण्यासारखं काही नव्हतं.
वीतभर काड्या.
राऊत म्हणाले, सिमेंटच्या जाळ्या लावा, हे काटे कायले?
मी म्हटलं, बघू.
नळ नवव्या दिवशी यायचा. न्हाणीचं पाणी फालशाला,
बाकीच्यांना मी विसरलो.
त्यांनी मनावर घेतलं नाही.

आता करवंदी छातीएवढी आहे.
विमलचा पदर अडकतो, ती म्हणते, "सोड मेल्या,"
आणि मी आतून उगाच ओ देतो.
बोर दर चैत्रात मीच छाटतो, गुडघ्यापर्यंत.
छाटलं की जास्त लागतं,
हे एकतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.
फालसा पोट्टे पिकूच देत नाहीत.

आणि येरोनी. ती मी लावलीच नाही.
तारेवर बुलबुल बसतात,
खाली बरोबर तारेच्या रेषेत
या पोलपासून त्या पोलपर्यंत येरोनी उगवली आहे,
दोरी धरून लावल्यासारखी.

काल नवा पोरगा आला, अंकुश नाव,
पावसाळ्याआधीच्या कामाला. हातात कोयता.
"काका, हे छाटू का?"
मी म्हटलं, मोज.
झुडूप चार फूट, तार एकोणीस.
त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं,
कोयता काखेत मारला,
मूठभर करवंदं काट्यातून ओरबाडून तोंडात टाकली
आणि जांभळ्या ओठांनी
बिया थुंकत थुंकत
पुढच्या पोलकडे गेला.