पाण्यात पाहताना

तळघरातल्या जाळीतून पहाटे पाणी वर आलं
तेव्हा मी आधी जाळीला दोष दिला,
मग मार्चमधल्या वितळत्या बर्फाला,
आणि मग, सवयीनं, एल्डन ग्रूबरला.

अकरा वर्षं झाली. कुंपणाची एक फळी
माझ्या बाजूला चार बोटं सरकलेली.
त्या चार बोटांपायी आम्ही
एकमेकांना पाण्यात पाहत आलो.
पिट्सबर्गच्या या चढावर घरं अशी खेटून
की त्याचा खोकला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो.
कधी आला नाही ऐकू, की मी नळ बंद करून थांबते.
का, ते तपासलेलं नाही.

पहिला आला तो टीव्हीवरच्या जाहिरातीतला.
हातात टॅबलेट, बुटांना मातीचा स्पर्श नाही.
नळीत डोकावलाही नाही, म्हणाला,
सगळं अंगण खणावं लागेल, मॅडम,
चौदा हजार डॉलर. आज सही केलीत तर तेरा.
तीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी.
मागच्या बाकावर कोण थापा मारतंय
ते मला आरशात बघून कळतं.

मग रेनी पालुंबो, खालच्या गल्लीतली.
गाडीवर बापाच्या वेळची अक्षरं, ‘पालुंबो आणि मुलगे’,
त्यातल्या ‘मुलगे’वर रंग फासून
कुणीतरी हातानं लिहिलेलं: मुलगी.
न मागता परवाना दाखवला. बूट काढायला लागली,
म्हटलं, राहू दे गं, आत त्याहून वाईट आहे.
जाळीपाशी गुडघे टेकून तिनं वास घेतला,
सूप चाखावं तसा, डोळे मिटून.
‘चरबी नाही ही. मुळं.’

तार आत गेली, गरगरली, अडली,
आणि बाहेर आला ओल्या केसांचा अंबाडा,
कुणाचा तरी, खूप वर्षं न विंचरलेला.
मग कॅमेरा.

पडद्यावर माझ्या घराचं पोट.
शंभर वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या मातीच्या नळ्या,
सांध्यासांध्यात बारीक दाढी.
घरोघरी मातीच्याच, रेनी म्हणाली, या टेकडीवर.
कोपऱ्यात फूट मोजले जात होते: सतरा, बावीस,
एकोणतीसला कुंपण, मी मनात म्हटलं,
आणि एकोणतीसलाच डावीकडून
दुसरी नळी येऊन मिळाली.
तिच्यातून आला साबणाचा फेस.
मंगळवार. एल्डन मंगळवारी कपडे धुतो.

‘इथून पुढं दोघांची लाइन एकच,’ रेनी म्हणाली,
‘खर्चही दोघांचा. त्यांना सांगावं लागेल.’

म्हणजे आम्ही वर तोंडं फिरवून,
आणि खाली माझ्या बटाट्यांचं, त्याच्या दाढीचं,
रात्री दोनला झोप न लागलेल्या दोघांचं
पाणी, हातात हात घालून, उताराला.

‘मुळं कुणाच्या झाडाची?’ मी विचारलं, जरा आशेनं.
रेनीनं खिडकीकडे बोट केलं.
माझा मेपल.
त्याचं अंगण दिसू नये म्हणून मीच लावलेला,
भांडणाच्या दुसऱ्याच आठवड्यात.
उठला तो माझ्याच मुळावर.

बिल दोनशे ऐंशी. मागच्या बाजूला तिनं लिहिलं:
दीड वर्षानं पुन्हा साफ करा.
बेकनचं तूप डब्यात ओता, सिंकमध्ये नाही.
ओले रुमाल टाकू नका, पाकिटावर काहीही छापलेलं असो.
आणि हे सगळं दोनदा लिहिलं, दोन कागदांवर.

दुसरा घेऊन मी पायऱ्या चढले. सात.
माझ्याइतक्याच.
दार उघडलं त्यानं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
हातात पोछा, पाय ओले.
मला बघितलं, कागद बघितला.
‘तुझ्याकडेही?’
‘माझ्याचमुळे,’ म्हणायला गेले, म्हटलं, ‘हो.’

त्यानं चष्मा शोधला. कागद दोनदा वाचला.
‘निम्मे,’ म्हणाला. खोकला.
‘आणि ती फळी?’

‘फळी,’ मी म्हटलं, ‘आहे तिथंच आहे.’