चौथं रीळ

पाडव्याच्या संध्याकाळी साडेसातला
तांबळडेगच्या आमच्या पडवीत
चाळीसेक माणसं, एक टीव्ही,
माडाला काथ्याने बांधलेली डिश.

मुंबईच्या कुठल्याशा नाट्यगृहातून थेट:
तोच जुना सिनेमा, आता रंगमंचावर,
खरी माणसं, खरे व्हायोलिनवाले,
आणि चुकलं तर खरंच चुकणार.
‘थेट म्हंजे?’ तारींच्या धाकट्याने विचारलं.
‘म्हंजे मागे फिरवूक गावणा नाय,’
सासरे म्हणाले.

सासरे, गुणाजी खवळे, तंबू टॉकीजचे मशीनवाले.
मशीनवाल्याला सिनेमा दिसत नाही, म्हणतात ते,
त्याने कार्बनच्या कांड्या बघायच्या,
उजेड बघायचा.

हा सिनेमा आमच्या किनाऱ्याला पाठ आहे,
पण फाटका.
चौथ्या रिळात ती खाडीकाठी उभी,
होडी सुटून गेलेली, डोळे भरलेले,
आणि टक्,
पुढच्या क्षणाला ती मांडवात हसतेय,
कपाळाला मुंडावळ्या.
मधली चार मिनिटं कुणकेश्वरच्या जत्रेत जळाली.
दोन टोकं चिकटवून तसाच तो
मिठबाव, हिंदळे, मुणगे फिरला
आणि ज्या त्या गावाने आपलं आपलं ठिगळ लावलं.
मुणग्यात म्हणतात, भाऊ आला.
हिंदळ्यात बाप विरघळला.
आमच्याकडे वारा फिरला, होडी परत आली.
समुद्रावरच्या माणसांना एवढं कारण पुरतं.

मी सावंतवाडीची.
मी तो अख्खा पाहिलेला, थेटरात,
खारे दाणे खात.
एकवीस वर्षं कुणाला बोलले नाही.
माहेरचं किती सांगायचं, त्यालाही माप असतं.

पडद्यामागून दोघे निळं कापड हलवत होते.
‘भरती की सुकती, काय समाजना नाय,’
मागून कोणीतरी.
हशा.
मग पहिलं गाणं लागलं आणि करंजीचं ताट
जिथे होतं तिथेच थांबलं.
दुसऱ्या कडव्यात त्या पोरीचा दम तुटला,
ओळ अर्धी राहिली,
व्हायोलिनं तिची वाट बघत घुटमळली.
पडवीने ती ओळ पुरी केली,
बेसूर, मोठ्याने,
जणू तिला ऐकू जाणार होती.

साबणाच्या जाहिरातीत
सासूबाई निरांजन घेऊन उठल्या.
‘बसा हयसर. परत सुरू होयत.’
ओवाळलं. त्यांनी बंडीतून नोट काढली,
ताटात टाकली, दोघांपैकी कुणी हसलं नाही.
त्या पुन्हा बायकांत जाऊन बसल्या, पुढच्या रांगेत,
ताट मांडीवर तसंच.

आणि खाडी आली.
चाळीस माणसांचा श्वास मला ऐकू आला.
भाऊ आला नाही. बाप आला नाही.
तिने पदर खोचला,
गुडघाभर कापडात उतरली,
दोर हाताला वेढून
ओढत, घसरत, गात नाही, नुसती धापत
होडी तिनेच काठाला लावली.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
मग जाईबाई, ऐंशीच्या पुढच्या,
‘तिनाच हाडल्यान,’ म्हणाल्या.
आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिल्या.

मी वळून सासऱ्यांकडे पाहिलं.
ते टीव्हीकडे बघत नव्हते.
पुढच्या रांगेत, निरांजनाच्या वर,
निळसर उजेडात एक चेहरा होता.
कुणकेश्वरलाही बायकांची पुढची रांग,
मशीनचं चौकोनी भोक,
आणि कांड्यांकडे कोणाचंच लक्ष नाही.
हे मला कुणी सांगितलेलं नाही.

रात्री माणसं पांगली,
मी पडवी झाडत होते.
‘काय झाला गो मधी?’ हळूच विचारलं त्यांनी.
‘माका दिसला नाय.’

आत सासूबाई भांडी लावत होत्या, आवाज करत.

‘वारो फिरलो,’ मी म्हटलं.