ट्रकवाल्याचं पत्र

नारिनच्या वरच्या अंगाला, जिथे नोव्हेंबरात शाई गोठते,
सहावीच्या वर्गात अठरा मुलं आणि कोळशाची एक शेगडी.
धडा चार पानांचा:
मेंढपाळाचं कुटुंब कुरणावरून खाली उतरतं,
ट्रक निघतो, कुत्रा मागे राहतो,
वसंतापर्यंत वाट बघतो.
खाली प्रश्न: लेखकाला काय सांगायचं आहे?

निष्ठा, म्हणाली मुलं एका सुरात.
मागच्या वर्षीची मुलंही निष्ठाच म्हणाली होती,
आणि काहींच्या आयासुद्धा, याच बाकांवरून. मीच शिकवलेलं.
घोकून घोकून शब्द नदीतला गोटा होतो,
तोंडात कितीही घोळवा, चव येत नाही.

मी म्हटलं, पुस्तकं मिटा.
कुत्रा व्हा आणि पत्र लिहा. कुणालाही.
अट एकच, तो शब्द वापरायचा नाही.
कुत्र्याला तो ठाऊक नसतो.

"एजे, कुत्र्याला लिहिता येतं?" कुबातने विचारलं.
तुला तरी कुठे येतं, मी म्हटलं,
वर्ग हसला, आणि हसता हसता वह्यांवर ओणवा झाला.

रात्री घरी गठ्ठा सोडला.
आयझिरेकचा कुत्रा लिहितो:
"इथल्या बर्फाला लोखंडाची चव आहे.
तुमचा डावा बूट मी खाल्ला, माफ करा.
उजवा ठेवलाय.
त्याला अजून तुमचा वास येतो."

मी चष्मा काढून ठेवला. मग पुन्हा घातला.

कुबात लांडगा झाला होता, न विचारता:
"मी दोनदा येऊन गेलो.
तो तंबूच्या रिकाम्या गोलात बसला होता,
जिथे दार असायचं तिथे तोंड करून.
मला भूक होती, तरी परत फिरलो.
हे धड्यात घालू नका, आमच्यात हसतील."

आणि तळाशी तिलेकचा कागद.
तिलेक, जो दोन वर्षं खिडकीकडच्या बाकावर
नुसता बसतो, वहीला मोडू न देता.
तो कुत्रा झाला नव्हता.
चार पानांत ज्याला एकच वाक्य आहे, 'ट्रक निघाला',
त्याचं ते पत्र:

"जागा नव्हती. नमदे होते, धुराडं होतं, एक आजारी मेंढी.
मला कुणी सांगितलं नाही त्याला घे म्हणून.
वळणावर आरशात बघितलं, तो पळत होता.
मग आरसा जरा वर केला.
आता त्यात फक्त आभाळ दिसतं."

तिलेकचा बाप गाडी चालवतो, नारिन ते बिश्केक.
एका पहाटे त्यानेच बायकोला विमानतळावर सोडलं,
मॉस्कोत कुठल्याशा हॉटेलात ती चादरी बदलते.
त्या पहाटे गाडीमागे कोण पळालं
हे गावाला माहीत आहे. धड्यात नाही.

मी प्रत्येकाला उत्तर लिहिते, गोष्टीतलंच कुणीतरी होऊन.
आयझिरेकला उजवा बूट होऊन लिहिलं, लांडग्याला लांडगीने.
ट्रकवाल्याला लिहायला कुत्रा होऊन बसले,
तीन कागद शेगडीत गेले.
कुत्र्याने माफ केलं म्हणावं, तर ते पुस्तक म्हणतंच.
नाही केलं म्हणावं, तर मुलगा अकरा वर्षांचा आहे.

शेवटी मी त्या गाडीतली मेंढी झाले:
"तुझ्या मागेच होते मी, आजारी.
गाडी खूप हलत होती. रस्ता खराब होता,
की तुझे हात?"

चौथ्या दिवशी वहीत घडी घातलेलं उत्तर:
"हात.
पण हे बाकीच्यांना सांगू नकोस.
आरसा अजून तसाच आहे.
उद्या खाली करून बघतो."

'आरसा' दोन्ही वेळा चुकीचा लिहिला होता.
तेवढा दुरुस्त केला, पेन्सिलीने, बारीक.
तेही माझं कामच आहे.

मार्चमध्ये तपासनीस येतील आणि विचारतील,
धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे?