हात न टेकता

कागदावर चार माणसं आहेत,
काड्यांची, बिनचेहऱ्याची.
त्यांना खुबा नाही, म्हणून तो दुखत नाही.
पहिला खुर्चीवर बसलाय,
शेजारी तोच उभा,
आणि मधे एक बाण.
जे काय आहे ते त्या बाणातच आहे.

खाली सिग्नेचं गोल अक्षर:
हात न टेकता. दहा वेळा.
फिजिओथेरपीची पोर, पंचविशीची,
बोलताना स्वतः टुणकन उठते, तिला कळतही नाही.

मी चौतीस वर्षं उभी होते, बोट्सफ्योर्डच्या कारखान्यात,
रबरी बुटांत, बर्फाच्या पाण्यात,
कॉडच्या पोटात सुरी घालत.
पुढे, खाली, मागे. पुढे, खाली, मागे.
बसायला वीस मिनिटं, त्यातली पाच हातमोजे काढण्यात.
माणसांत माझी उठबस तशी कमीच.
आता ती या खुर्चीशी.

खुबा नवा आहे, धातूचा, दीड वर्षांचा.
खांदा मात्र जुनाच,
कानापर्यंत येतो आणि दार लावून घेतो.
डावा मोजा मी चिमट्यानं चढवते,
तोच चिमटा, ज्यानं बटाटे उलटायचे.
हे सिग्नेला सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर सरता सरता सूर्य गेला.
सकाळी अकरालाही बाहेर शाईच.
मी दिवा लावते, पडदा ओढते,
समोरच्या टुरिडच्या डोळ्यांसाठी.
आमच्या गावात शिंकलं तरी
बंदरावर कुणीतरी विचारतं, बरं वाटतंय का आता?

पहिल्या दिवशी तीन.
एक, कुरकुरत.
दुसऱ्याला खुर्चीच कुरकुरली.
तिसऱ्याला अर्ध्यात अडकले,
ना बसलेली ना उभी, बाणाच्या बरोबर मधोमध,
मग टेबलावर हात टेकले
आणि काडीच्या माणसाला एक शिवी घातली,
आर्विद गेल्यापासून या घरात न उच्चारलेली.

दुसऱ्या चित्रात वजनं.
वजनं कुठली? फडताळात दोन डबे होते,
माशाच्या गोळ्यांचे, आठशे ग्रॅमचे.
या माशांनीच खांदा नेला,
आता त्यांनीच तो आणून द्यावा.
डावा डबा वर जातो.
उजवा कानाशी येऊन थांबतो,
काहीतरी गुपित सांगायचं असल्यासारखा.

तिसऱ्यात भिंत ढकलायची.
इथे हात टेकायला परवानगी आहे.
पिवळा रंग आर्विदनं दिलेला,
फ्रिजमागे अजून अर्धवट आहे.
मी ढकलते. भिंत हलत नाही.
तोही असाच होता, पण टेकायला बरा.

चौथ्यात फक्त टाचा उचलायच्या,
ओट्याला धरून, सावकाश.
खिडकीचा पडदा अर्ध्या उंचीचाच.
नवव्या दिवशी टाचा जरा जास्त उचलल्या गेल्या
आणि त्याच्यावरून दिसलं
टुरिडचं उजळलेलं स्वयंपाकघर:
खुर्चीची पाठ घट्ट धरून ती उभी,
एक पाय बाजूला, हवेत, थरथरत,
तोंडानं काहीतरी मोजत.
भिंतीवर चिकटवलेला कागद.

माझ्या टाचा आपोआप खाली आल्या.
खूप वेळ मी ओटा पुसत राहिले, तो स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी पडदा ओढला नाही.
तिनं पाहिलं की नाही, माहीत नाही.
दुकानात भेटलो तेव्हा आम्ही हवेबद्दल बोललो,
आणि दोघीही जिन्याचा कठडा धरून उतरलो,
ती डावा, मी उजवा.

आज सहा झाल्या.
चौथीला हात टेकले.
टेकले, आणि उठले.
सिग्ने हे मोजणार नाही. मी मोजलं.

रविवारी भूक लागली तेव्हा एक डबा उघडला,
पांढऱ्या सॉसमध्ये, वर जायफळ.
सोमवारी डावा हात रिकामाच वर गेला,
फार हलका,
थोडा ओशाळलेला.