एकाहत्तर टक्के

अझोर बेटांवर, ऑर्ता बंदरातल्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात
देओलिंदा रात्रपाळीला बसते.
पडद्यावर नऊशे मीटर खालचा काळोख,
त्यात कॅमेऱ्याने सोबत नेलेला
वीतभर उजेड.

मासा येतो. यंत्र त्याच्याभोवती
हिरवी चौकट आखते,
जात सांगते, एकाहत्तर टक्के.
ती मान डोलावते. पुढचा.
नुसती शेपूट दिसली तरी पुरते त्याला,
पाठमोरा माणूस चालीवरून ओळखावा तसे.

तीनच्या सुमारास एक जण येतो,
राखी, आरपार दिसेलसा, तोंड उघडे,
काही विचारायला आलेला आणि विसरलेला.
चौकट थरथरते. बारा टक्के. नऊ.
मग रिकामा रकाना,
त्यात मिचमिचणारी उभी रेघ.

वडील थर्मास घेऊन आलेत.
एव्हारिस्तो : एकेका दोरीला हजार गळ
लावत आलेले हात.
चष्मा पुसून पडद्याला नाक लावतात.
"हा? हा यायचा की.
दर खेपेला चार-दोन.
वर येईतो डोळे बाहेर, पोट तोंडात.
परत टाकायचो."
"म्हणायचात काय त्याला?"
"काही नाही. भाव नव्हता.
नाव कोण ठेवणार?"

ती रकान्यात लिहिते :
'ओळखीचा. बिननावाचा. साक्षीदार एक.'
रकाना लाल होतो, घेत नाही.
ती पुन्हा तेच लिहिते.

वडील अजून तिथेच उभे,
थर्मासच्या झाकणातली कॉफी निवत चाललेली.
ओठ हलतायत,
मोजतायत बहुतेक :
चाळीस वर्षं,
दर खेपेला चार-दोन.